कसाऱ्याचा घाट आणि सिद्धगडाची वाट

नाशिकला जाताना तुम्ही कसाऱ्याच्या घाटातून किती वेळा गेला असाल, आठवून बघा बरं! कधी माहेरी, कधी नणंदेच्या घरच्या लग्नाला, कधी त्र्यंबकेश्वराला, कधी वणीच्या देवीला. गाडी कसाऱ्याला थांबते. मागच्या बाजूला जादा इंजिनं जोडली जातात, एक धक्का बसतो आणि तांब्यातलं पाणी थोडंसं सांडतं. मग बोगदे सुरू होतात. मुलं खिडकीत बसून ओरडतात, आपण त्यांना दटावतो. इगतपुरीला चहावाल्याची हाक कानावर आली की घाट संपला! घरी परतल्यावर कुणी विचारलं, ‘काय काय पाहिलंत?’ तर आपण देवळांची नावं सांगतो. घाटाचं नाव कुणीच घेत नाही.

यंदाच्या थंडीत हा घाटच पाहायला जा, असं मी तुम्हांला सांगणार आहे. घाट शहापूर तालुक्यात आहे. त्याला जोडून शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं आणखी एक ठिकाण पाहायचं. एक दिवस रेल्वेचा आणि दुसरा दिवस जिथे आजही रेल्वे नाही त्या मुलखाचा. वरवर पाहता दोन्हींचा संबंध नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या एका धाग्यानं ही दोन ठिकाणं एकमेकांना बांधली गेली आहेत.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, आमच्या ठाणे जिल्ह्यात कुठलं आलंय युद्ध?’ खरंच आहे. बॉम्ब पडले ते तिकडे कलकत्त्याला आणि विशाखापट्टणमला. पण लढाई काही नुसत्या तोफांवर चालत नाही. तिला माणसं आणि माल वाहून न्यायला गाडी लागते, कारखाने चालवायला वीज लागते. मुंबई बंदरात उतरलेली पलटण उत्तरेकडे निघाली की तिची वाट याच घाटातून जायची. आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज यायची ती सह्याद्रीच्या पायथ्यावरून, मुरबाड-कर्जतकडच्या डोंगरांच्या बाजूने. एका वाटेवरून युद्ध पुढे चाललं होतं आणि दुसऱ्या वाटेवर आपल्याच गावांतली माणसं ते अडवायला उभी राहिली होती.

गाडी आली कशासाठी?

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीनं विलायतेच्या कारभाऱ्यांना रेल्वेविषयी एक मोठं टिपण लिहिलं. रेल्वे का हवी याची जी कारणं त्यानं दिली, त्यांत लष्कर भराभर हलवता येईल हे एक मोठं कारण होतं. व्यापार होताच, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. पण पलटणीचा विचार पहिल्यापासून होता. तेव्हा या रुळांना ‘युद्धाचे रूळ’ म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

१८५४ साली गाडी कल्याणला आली, १ ऑक्टोबर १८५५ ला वाशिंदला. शहापूर तालुक्यात रेल्वेचं पहिलं पाऊल पडलं ते हे. १८५७ च्या धामधुमीत या बाजूचे रूळ वाशिंदलाच संपत होते. पुढे चालत नाहीतर बैलगाडीनं! १८६० साली आसनगाव, १८६१ च्या १ जानेवारीला कसारा, आणि मग मध्ये आडवा आला सह्याद्री. कसारा ते इगतपुरी हे अंतर आज आपण चिवडा खाता खाता पार करतो. त्या तेवढ्या अंतरासाठी आणखी चार वर्षं लागली. १ जानेवारी १८६५ रोजी गाडी घाट चढून इगतपुरीला पोचली.

थळ घाट हे त्याचं जुनं नाव. चढ १:३७ चा. म्हणजे ३७ पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. आपल्याला हे काहीच वाटणार नाही, घरचा जिना याच्या कितीतरी पट उभा असतो. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. शेकडो टन वजन घेऊन ते एवढ्या चढावर चढवणं सोपं नाही. म्हणून तर कसाऱ्याला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात. देशातल्या रुंद रुळांच्या मार्गांवरच्या सगळ्यांत अवघड चढांत या घाटाची गणना होते.

घाट बांधताना बोगदे फोडले ते हातातल्या पहारीनं आणि सुरुंगाच्या दारूनं. दगड-माती वाहायला पाट्या होत्या आणि त्या पाट्या उचलणाऱ्यांत बायका होत्या, मुलंही होती. पटकी आली की तळच्या तळ ओस पडायचे. पुण्याकडच्या बोरघाटाच्या कामावर तर एका वेळी चाळीस हजारांवर माणसं राबत होती आणि मेलेल्यांची गणती हजारांत सांगतात. त्याच बोरघाटाची एक गोष्ट तुम्हांला आवडेल. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिनं विलायतेला परत न जाता ते कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं, हाताखाली इंजिनियर नेमले आणि काम तडीस नेलं. १८६३ साली बोरघाट खुला झाला. ॲलिसबाईचं नाव राहिलं. पाटी उचलणाऱ्या आपल्या बायकांचं मात्र एकही नाव आपल्याला सांगता येत नाही.

घाटात काय पाहाल?

सकाळची गाडी धरा. लोकलनं गेलात तर ती कसाऱ्यालाच थांबते, घाट ओलांडायला लांब पल्ल्याची गाडी लागते. तेव्हा कल्याणहूनच इगतपुरीला थांबणारी गाडी आणि तिचंच तिकीट घ्या. टिटवाळा, खडवली, वाशिंद करत गाडी आसनगावला आली की बाहेर बघा. उभ्या सुळक्यांचा तो माहुलीचा किल्ला. आटगाव, खर्डी मागे पडली की साग-ऐनाची झाडी लागते. या झाडीनंही रेल्वेला पुष्कळ दिलं आहे. त्या काळी रुळांखालचे स्लीपर म्हणजे लाकडाचेच ओंडके होते, आणि रेल्वे वाढली तशी जंगलावर कुऱ्हाड वाढली.

कसाऱ्याला गाडी थांबली की मुलांना मागची इंजिनं जोडताना दाखवा. मोठी माणसंही खिडकीतून माना काढून बघतात, मग आपणच कशाला लाजायचं? गाडी निघाली की मुलांना बोगदे मोजायला सांगा. अर्धा तास कसा शांततेत जातो बघा! मधे खोल दरीवरून गाडी जाते, तो एहेगावचा पूल. बांधला तेव्हा त्याची उंची १८२ फूट होती. तळापासून बारा-पंधरा मजली इमारत उभी करा, तेवढी.

या घाटात १९३० च्या सुमारास विजेच्या गाड्या सुरू झाल्या. तोवर वाफेची इंजिनं धापा टाकत चढत असत. मालगाड्या ओढायला जी विजेची इंजिनं आली, त्यांना लोकांनी नाव दिलं ‘खेकडा’. मधोमध ठेंगणी खोली, पुढे-मागे दोन लांब नाकं, आणि चाकांना जोडलेले दांडे असे हलायचे की खेकडाच चाललाय असं वाटावं. महायुद्धातला माल या घाटातून ओढला तो या खेकड्यांनी. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात असा एक खेकडा जपून ठेवला आहे. कधी दिल्लीला गेलात तर मुलांना आवर्जून दाखवा.

इगतपुरीला उतरलात की घाटनदेवीला जा. घाटाच्या माथ्यावर बसलेली ही देवी. घाट चढून आल्यावर तिला हात जोडायची पद्धत जुनीच आहे. तिथून खाली दरी दिसते. देवीची ओटी भरा आणि क्षणभर त्या दरीकडे बघत उभ्या राहा.

पलटणीची गाडी

इगतपुरीच्या पुढे, नाशिक रोडच्या अलीकडे देवळाली स्टेशन लागतं. लष्कराची छावणी म्हणून आपल्याला ते माहीत आहे. १८६१ पासून तिथे गोऱ्या सैनिकांचा तळ होता. विलायतेहून बोटीनं आलेली पलटण मुंबईत उतरायची, गाडीनं घाट चढून देवळालीला यायची आणि तिथून पुढे कुठे जायचं त्याचा हुकूम व्हायचा. परत जाणाऱ्यांचंही तेच. बोटी सुटायच्या त्या हिवाळ्यात. नोकरीची मुदत उन्हाळ्यात संपली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत देवळालीच्या तंबूत बसून राहायचं. काम नाही, घर सात समुद्रांपलीकडे, त्यात हिवतापानं अंग फणफणलेलं. कित्येकांच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. इंग्रजी बोलण्यात वेड लागलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द आला आपल्या देवळालीवरून! पूर्वी म्हणायचे ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’ बरं का. मुलांच्या इंग्रजीच्या बाईंना ही गंमत सांगायला हरकत नाही.

गंमत म्हणायची, पण मनाला चटका लावणारीच. वीस-बावीस वर्षांची पोरं ती. १९१४ ते १८ च्या पहिल्या महायुद्धात आपले शिपाई मुंबईहून बोटीत बसून मेसोपोटेमियाला गेले आणि जखमी होऊन मुंबईलाच उतरले. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात पंचवीस लाखांवर माणसं होती, आणि एकालाही सक्तीनं भरती केलेलं नव्हतं. सक्ती नव्हती खरी, पण घरातल्या रिकाम्या डब्यांची सक्ती असतेच की. मराठा पलटण, महार पलटण. आपल्याच घरांतली, आपल्याच गावांतली मुलं. या घाटातल्या बोगद्यांत त्यांच्या गाडीच्या खिडकीशीही असाच गारवा आणि असाच अंधार आला असेल.

गाड्या पलटणीला लागल्या तेव्हा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या वाटणीच्या कमी झाल्या. कित्येक फाट्यांवरचे रूळ उखडून मध्यपूर्वेच्या रणांगणाकडे पाठवले गेले, डबे आणि इंजिनंही गेली. रेल्वेच्या कारखान्यांत युद्धसामग्री तयार होऊ लागली. अगदी गरज असेल तरच प्रवास करा, असं लोकांना सांगण्यात येऊ लागलं. बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर ती ‘गरज’ धरायची की नाही, हे कोण ठरवणार?

घरातल्या आजींना विचारलंत तर त्यांनी त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलेलं असेल. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. धान्यासाठी पिशवी घेऊन रांगेत उभं राहणं तेव्हापासूनचं. ‘भोकाचा पैसा’ आठवतो? कुणाच्या तरी जुन्या डब्यात अजून निघतो. मधोमध वाटोळं भोक असलेला तांब्याचा पैसा. तो १९४३ सालीच निघाला, कारण युद्धामुळे धातूची टंचाई होती. तेवढंच तांबं वाचवलं! युद्ध ठाणे जिल्ह्यात कुठे आलं होतं, असं आपण विचारत होतो ना? ते असं आलं होतं. स्वयंपाकघरात, रांगेत आणि पैशाच्या भोकात.

आता दुसरी वाट

दुसऱ्या दिवशी मुरबाडला जायचं. कल्याणहून एस.टी. किंवा आपली गाडी. इथे तुम्हांला रूळ दिसणार नाहीत. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी कित्येक दशकांची. मंजुरीच्या बातम्या आल्या, मोजण्या झाल्या, पण मुरबाडला गाडी अजून पोचलेली नाही. शेजारच्या तालुक्यात १८५५ साली शिट्टी वाजली, इथे अजून वाजायची आहे.

मुरबाड सोडून म्हशाच्या रस्त्याला लागलात की पुढे सह्याद्रीची भिंतच उभी राहते. गोरखगड, मच्छिंद्रगड यांचे सुळके, आणि त्यांच्याच रांगेत सिद्धगड. थंडीत भाताची खाचरं रिकामी झालेली असतात. कुठे वाल, कुठे भेंडीचे हिरवे पट्टे. रस्त्याकडेला बाया ताजी भेंडी, बोरं घेऊन बसलेल्या असतात. भाव करत बसू नका हो, बाजारात आपण त्याच्या दुप्पट देतो.

या मुलखात १९४२ च्या पावसाळ्यानंतर काय घडलं, ते समजून घेण्याआधी विजेची थोडी माहिती हवी. घाटातली रेल्वे चालायची ती कल्याणजवळ ठाकुर्लीला असलेल्या रेल्वेच्या स्वतःच्या वीजघरावर. पण मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने यांची वीज यायची टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून. खोपोलीचं केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं आणि भिऱ्याचं १९२७ चं. घाटमाथ्यावर पाणी साठवायचं, नळांतून खाली सोडायचं, चक्र फिरवायचं आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईला न्यायची. त्या तारा पेलायला रानातून, डोंगरउतारावरून लोखंडी मनोरे उभे होते. ज्या पाड्यांवरून या तारा जायच्या, तिथे मात्र रात्री रॉकेलची चिमणी.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली, नेते तुरुंगात गेले. माथेरानचे एक तरुण वकील, विठ्ठलराव उर्फ भाई कोतवाल, भूमिगत झाले. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा. घर नाभिकाचं, गरिबीतलं. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठीची सोय केली. गरजेच्या वेळी शेतकऱ्यानं सावकाराच्या दारात न जाता तिथून धान्य न्यायचं. शाळा काढल्या. ज्या माणसानं आधी लोकांच्या धान्याची काळजी केली, त्याच्या हाकेला लोक रानात यायला तयार झाले यात नवल नाही.

त्यांच्या दलाचं नाव ‘आझाद दस्ता’. शेतकरी, कष्टकरी, रानवाटा पायाखालच्या असलेली ही माणसं. त्यांचं हत्यार काय, तर लोखंड कापायची करवत! रात्री जायचं, मनोऱ्याचे पाय कापायचे आणि तो आडवा पाडायचा. मनोरा पडला की तारा तुटायच्या आणि तिकडे मुंबईत चक्रं थांबायची. गिरण्या, कारखाने, विजेच्या गाड्या थांबाव्यात, युद्धाकडे जाणारा माल अडावा आणि सरकारला कळावं की इथली माणसं त्यांच्या युद्धात राजीखुशीनं नाहीत, हा हेतू. १९४२ चे ते शेवटचे काही महिने असे गेले. सरकारनं त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं. दस्त्यातली माणसं सिद्धगडाच्या जंगलात सरकली.

२ जानेवारी १९४३. पहाटेच्या थंडीत पोलिसांनी त्यांच्या मुक्कामाला वेढा घातला. पोलीस अधिकारी हॉल बरोबर होता. गोळीबारात मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील पडले. भाई कोतवाल मांडीत गोळी लागून जखमी झाले आणि मग त्यांच्यावरही गोळी झाडण्यात आली. नुकतीच त्यांना तीस वर्षं पूर्ण झाली होती.

स्मारकापाशी

सिद्धगडाच्या पायथ्याशी, बोरवाडीच्या बाजूला, या दोघांचं स्मारक आहे. मोठी वास्तू असेल असं मनात धरून जाऊ नका. रान, डोंगर, पाखरांचे आवाज आणि ते स्मारक, एवढंच. दरवर्षी २ जानेवारीला मात्र इथे माणसांची रीघ लागते. आदल्या रात्रीपासून लोक येतात आणि पहाटे मानवंदना देतात. आम्ही गेलो तेव्हा तो दिवस नव्हता. वाटेत लाकडाची मोळी घेऊन चाललेली एक बाई थांबून म्हणाली, “ताई, दोन तारखेला या. तवा लय माणसं असतात.” मी म्हटलं, “मावशी, आज शांत आहे तेच बरं.” ती हसली आणि हंडे भरायला विहिरीवर जायचंय म्हणून लगबगीनं पुढे गेली.

तिथे बसल्यावर एक विचार मनात येतोच. रानात महिनोन् महिने माणसं लपून राहतात, म्हणजे त्यांना कुणीतरी भाकरी पोचवत असणार. कुणीतरी पहाटे उठून, धूर दिसू नये याची काळजी घेऊन, नेहमीपेक्षा जास्त पीठ मळलं असणार. तेही टंचाईच्या दिवसांत! पोलीस दारात आले तेव्हा ‘मला नाही बाई ठाऊक’ असं सांगितलं असणार. पकडलं जायची भीती तिलाही होतीच. मनोरा कापणाऱ्याचं नाव इतिहासात येतं. भाकरी थापणारीचं येत नाही.

आणि म्हणूनच या दोन वाटा एकत्र पाहाव्यात असं मला वाटतं. पुण्याजवळ खडकीला युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. हिरवळ राखलेली, एकेक दगडावर नाव कोरलेलं. ते योग्यच आहे, ती पोरंही कुणाची तरी लेकरं होती. सिद्धगडाला दोन नावं आहेत, ती मुरबाड-कर्जतच्या माणसांनी जिवापाड जपली आहेत. भाई कोतवालांवर २०२० साली एक मराठी चित्रपटही आला. घाटातल्या बोगद्यांना मात्र नुसते आकडे आहेत. त्यांच्यासाठी पाट्या वाहिलेल्या माणसांचा एक दगडही आपण सांगू शकत नाही. निदान पुढच्या वेळी बोगदा आला की मुलांना एवढं तरी सांगू, ‘हा डोंगर माणसांनी हातानं फोडलाय, आणि त्यांत आपल्यासारख्या बायका होत्या.’

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. रेल्वे या मुलखातून गेली, विजेच्या तारा गेल्या, पाणीही गेलं. तानसा धरण १८९२ सालचं, पुढे मोडकसागर, भातसा. मुंबईच्या नळाला येणारं पाणी मोठ्या प्रमाणात शहापूरच्या बाजूनं येतं. आणि मे महिन्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. आता समृद्धी महामार्गही झाला. जून २०२५ पासून इगतपुरीच्या लांबलचक बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत घाट ओलांडतात. चांगलंच झालं. पण ज्यांच्या अंगणातून सगळं जातं, त्यांच्या घरात काय येतं? नळ सोडून भांडी घासताना हा प्रश्न आपल्याला पडला, तर निदान नळ तरी बंद होईल.

निघण्यापूर्वी एवढं पाहा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात घाट फार सुंदर दिसतो, पण दरडींमुळे गाड्या रखडतात आणि सिद्धगडाकडची वाट निसरडी होते. लहान मुलं बरोबर असतील तर थंडीतच जा.

गाड्यांच्या आणि एस.टी.च्या वेळा आदल्या दिवशी नीट पाहून घ्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी कल्याणला परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी मुरबाडकडे, असं केलंत तर सामान वाहावं लागत नाही. मुरबाडच्या पुढे वाहनं कमी. चार-पाच घरं मिळून एक गाडी ठरवलीत तर खर्चही वाटून जातो आणि गप्पाही होतात.

डब्याला दुधात भिजवलेल्या दशम्या न्या, दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, लिंबाचं गोड लोणचं. खोबऱ्याचं वाटण घातलेली भाजी नेऊ नका, दुपारपर्यंत आंबते. पिण्याचं पाणी घरूनच भरपूर घ्या. त्या भागात पाणी मागायचं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातलं मागायचं, हे लक्षात असू द्या.

गाडीच्या दारात मुलांना उभं करू नका. फोटोसाठी रुळांवर किंवा बोगद्याच्या तोंडाशी उतरणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे.

सिद्धगडाचा माथा गाठणं सोपं नाही. घरात हौशी तरुण मंडळी असतील तर त्यांना गावातला वाटाड्या घेऊनच पाठवा. आपण स्मारकापाशी बसावं. हा भाग भीमाशंकरच्या अभयारण्याला लागून आहे, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि उष्ट्या पत्रावळ्या परत आणायच्या.

पौष पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर वाटेवरच म्हशाची यात्रा लागेल. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी ती नावाजलेली आहे. घोंगडी घ्यायची तर हातात धरून उजेडाकडे करून बघा, वीण घट्ट आणि सारखी हवी. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती पहिल्या धुण्यात निघते. गार पाण्यात रिठ्याच्या फेसात भिजवा, ब्रश मारू नका, पिळू नका, सावलीत आडवी पसरून वाळवा. ठेवताना घड्यांत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला, कसर लागणार नाही.

आणि हो, निघण्याआधी घरातल्या सगळ्यांत वडील माणसाजवळ बसा. आपल्यातलं कुणी पलटणीत गेलं होतं का, बेचाळीसमध्ये कुणी भूमिगत होतं का, रेशनच्या दिवसांत घर कसं चालवलं, हे विचारा. सांगतील ते वहीत तारीख घालून उतरवून ठेवा. पाककृतींची वही असते ना आपली, तिच्याच मागच्या पानांवर लिहिलंत तरी चालेल. ती वही आपण कधी टाकून देत नाही.